खाण तशी माती, पण कितपत? वंशावळीच्या किमतीचा हिशेब

दत्तजयंती जवळ आली की नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची वाट गजबजू लागते. तापीकाठच्या एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिथला घोडेबाजार साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे तिथे येतात. एखाद्याची किंमत लाखांत, कधी कोटीत सांगितली गेली की दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो पेपरात झळकतो.

इकडे पश्चिम महाराष्ट्रात जनावर निराळे, पण बाजारातली बोली तीच. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली होती. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटी घालून परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. तेव्हापासून मैदाने पुन्हा भरू लागली, पळाऊ खिल्लार खोंडाला गिऱ्हाईक आले. पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाड्यापुढे धावणारी घोडीसुद्धा नावानिशी ओळखली जाते.

दोन्ही बाजारांत विकणाऱ्याच्या तोंडी एकच वाक्य असते, "मालक, रक्त बघा." अमक्या घोड्याचे शिंगरू, तमक्या फळीफोड बैलाचे वासरू. एवढे एक नाव जोडले की किंमत दुप्पट-तिप्पट होते. घेणारा शेतकरी कुठे सोसायटीचे कर्ज वळवतो, कुठे दुभती म्हैस विकतो, पण त्या नावाखातर पैसे मोजतो.

शेतकरी बंधूंनो, प्रश्न साधा आहे. जातिवंत रक्ताला किंमत असते, यात वादच नाही. 'खाण तशी माती' ही म्हण काही उगाच पडली नाही. पण त्या रक्ताने पळ किती मिळते आणि आपण पैसे किती मोजतो, याचा मेळ बसतो का? बैलांच्या बाबतीत हा हिशेब मांडायला आपल्याकडे कागद नाही. घोड्यांच्या बाबतीत मात्र आहे, आणि तो सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे. म्हणून आज घोड्याच्या वहीतून आपल्या दावणीकडे बघू.

सव्वादोनशे वर्षांची वही

मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जे घोडे धावतात ती थॉरोब्रेड जात. ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्याच्या सुरुवातीला पूर्वेकडून आणलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे या जातीचे मूळपुरुष मानले जातात. डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडात गेला. आजच्या थॉरोब्रेड नरांचा बापाकडून आजाकडे, आजाकडून पणजाकडे असा धागा मागे नेला, तर शंभरातले सुमारे ९५ या एकाच घोड्यापाशी जाऊन थांबतात.

हे इतके नेमके कसे सांगता येते? वही ठेवली म्हणून. १७९१ साली तिकडे जनरल स्टड बुक नावाची वंशावळीची वही प्रथम छापली गेली. कोणती घोडी, कोणत्या घोड्याला दाखवली, कोणत्या साली काय झाले, सारे त्यात येते. वहीत आईबाप नसलेल्या घोड्याला त्या जातीत जागा नाही. कृत्रिम रेतनही चालत नाही, नैसर्गिक संयोगच लागतो. भारताची अशी वही ठेवणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे, तिचे नाव स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया. आता तर शिंगराची डीएनए तपासणी होऊन आईबाप पक्के ठरल्याशिवाय वहीत नाव लागत नाही.

दुसऱ्या बाजूला प्रत्येक शर्यतीचा निकाल, अंतर, वेळ, बक्षिसाची रक्कम यांचीही नोंद असते. एका हातात वंशावळ, दुसऱ्या हातात निकाल. दोन्ही समोरासमोर ठेवले की रक्ताचा वाटा किती ते काढता येते.

हिशेब काय सांगतो?

एडिनबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार हजारांवर शर्यतीच्या घोड्यांचा असा हिशेब मांडला आणि तो २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. घोड्याघोड्याच्या आयुष्यभराच्या कमाईत जो फरक पडतो, त्यातला सुमारे १० टक्केच वाटा रक्ताचा निघाला. बाकीचा चंदीचा, तयारीचा, शिकवणाऱ्याचा, जॉकीचा आणि नशिबाचा. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. महागड्या वळूची पिल्ले जास्त कमावतात हे खरे. पण ते मुख्यतः यासाठी, की जो मालक वळूला एवढी फी देऊ शकतो त्याच्याकडे तबेला, चारा आणि माणसेही तशीच असतात. फीचा आकडा मोठा म्हणून रक्तही तेवढे मोठे, असे निघाले नाही.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. मोजता काय, यावर हा आकडा बदलतो. कमाईऐवजी तज्ज्ञांनी घोड्याला दिलेले गुण धरले तर रक्ताचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास जातो. म्हणजे दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा, असे धरून चालू. अर्ध्याच्या वर तो जात नाही.

याचा व्यवहारात अर्थ काय, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, कळपातले साधारण जनावर ठरलेल्या वेळात १००० फूट पळते. वळू नामांकित, तो ११०० फूट पळतो. आई साधारण, ती १००० फूट. आईबापांची सरासरी १०५० झाली, म्हणजे कळपाच्या पुढे ५० फूट. रक्ताचा वाटा २० टक्के धरला तर या ५० पैकी १० फूटच पिल्लाच्या वाट्याला सरासरीने येतात. बाप कळपापेक्षा १०० फूट पुढे, पिल्लू १० फूट पुढे! आणि हीसुद्धा सरासरी. सख्ख्या भावंडांत एक २० फूट पुढे जाईल, एक कळपाच्या मागे राहील. आपण मात्र किंमत मोजतो ती बापाच्या १०० फुटांची.

पटत नसेल तर जगातल्या नावाजलेल्या वळूंची वही उघडून बघा. कॅनडात १९६१ साली जन्मलेला नॉर्दर्न डान्सर हा गेल्या शतकातला सर्वांत गाजलेला वळू. त्याच्या एका फळवणीला पुढे पुढे दहा लाख डॉलरपर्यंत पैसे मोजले गेले. त्याची नोंदलेली पिल्ले साडेसहाशेच्या आसपास आणि त्यांतली वरच्या दर्जाच्या शर्यती जिंकणारी दीडशेच्या आसपास. हे प्रमाण अफाट मानले जाते. पण उलट बाजूने मोजा. जगातला सर्वोत्तम वळू, निवडक घोड्या, उत्तम तबेले, आणि तरी चारातल्या तीन पिल्लांना ती मजल मारता आली नाही.

याहून बोलके उदाहरण ग्रीन मंकी नावाच्या घोड्याचे. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या लिलावात दोन वर्षांचा हा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला गेला. वंशावळ उत्तम, लिलावाआधीची धावही उत्तम. पुढे तो तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही आणि कमाई झाली सुमारे साडेदहा हजार डॉलर. याउलट सिअॅटल स्लू. १९७५ साली वर्षाच्या वयात तो १७,५०० डॉलरला विकला गेला, म्हणजे त्या बाजारात किरकोळ भावात. त्याने १९७७ साली अमेरिकेच्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या, आणि त्या घडीपर्यंत तो एकदाही हरला नव्हता.

मग रक्ताला अर्थ नाही का?

अर्थ आहे, आणि मोठा आहे. रक्ताने जनावराचा प्रकार ठरतो. त्या प्रकारात त्याचा नंबर कितवा लागेल, ते मात्र रक्तावरून सांगता येत नाही.

आपल्या शेतातलेच बघा. रब्बी ज्वारीचे वाण घेतले तर ते रब्बीतच साधणार, हे बियाण्याने ठरते. एकरी उतारा किती पडेल ते जमीन, ओल, खुरपणी आणि राखण यांनी ठरते. घोड्यातही तसेच. २०१० साली आयर्लंडच्या डब्लिन विद्यापीठ महाविद्यालयातल्या शास्त्रज्ञांनी स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा शोध थॉरोब्रेडमध्ये घेतला. या जनुकाच्या दोन तऱ्हा आहेत. दोन्ही प्रती पहिल्या तऱ्हेच्या असल्या की घोडा लवकर भरतो, दणकट होतो आणि कमी अंतरात चमकतो. दोन्ही दुसऱ्या तऱ्हेच्या असल्या की तो दमाचा, लांब पल्ल्याचा. एकेक प्रत असली की मधल्या अंतराचा. म्हणजे घोडा कोणत्या अंतराचा हे रक्ताच्या तपासणीतून बऱ्यापैकी कळते. जिंकेल की नाही, ते कळत नाही.

चालीचेही तसेच. २०१२ साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की आइसलँडच्या घोड्यांची एका बाजूचे दोन्ही पाय मिळून टाकण्याची खास चाल मुख्यतः एकाच जनुकातल्या फरकावर अवलंबून आहे. रंग, चाल अशा गोष्टी थोड्या जनुकांच्या हातात असतात, म्हणून त्या पिढ्यानपिढ्या ठळकपणे उतरतात. पळ तशी नाही. फुप्फुस, काळीज, हाडे, सांधे, स्नायू, खुरे आणि जिद्द यांची बेरीज म्हणजे पळ. एवढ्या गोष्टींमागे शेकडो जनुके लागतात आणि ती सारीच्या सारी एका पिल्लात जुळून येणे हा दुर्मीळ योग. म्हणून बापाचा रंग हुबेहूब उतरला, तोंडवळा तोच आला, एवढ्यावरून पळही उतरली असे समजू नका.

आईला कोणी विचारतच नाही

आता आपल्या बाजारातली सगळ्यांत मोठी चूक. आपण बापाचे नाव विचारतो आणि थांबतो. पिल्लात अर्धे रक्त आईचे असते, हे सगळ्यांना माहीत आहे. खरे तर अर्ध्याहून थोडे जास्तच. पेशीला ऊर्जा पुरवणारे जे छोटे कण असतात, त्यांची अनुवंशिक सामग्री आईकडूनच येते, बापाकडून नाही. शिवाय घोडी पिल्लाला अकरा महिने पोटात वाढवते आणि नंतर दूध पाजते. म्हणजे रक्ताखेरीज सुरुवातीची खुराकही तिचीच.

अमेरिकेचा सेक्रेटेरिएट हा घोडा १९७३ साली तिन्ही मानाच्या शर्यती जिंकला, त्यांतली शेवटची ३१ लांब्यांनी. तिन्ही ठिकाणी त्याने नोंदवलेली वेळ पन्नास वर्षे उलटली तरी आजही मोडलेली नाही. त्याला सहाशेवर पिल्ले झाली. राइझन स्टारसारखा एखादा चांगला निघाला, पण बापाच्या तोडीचा एकही नर निघाला नाही. लोक म्हणू लागले, वळू म्हणून हा फुकट गेला. आणि मग त्याच्या मुलींना पिल्ले होऊ लागली. स्टॉर्म कॅट आणि ए. पी. इंडी हे पुढचे दोन नामांकित वळू सेक्रेटेरिएटच्या मुलींच्या पोटचे. यातला ए. पी. इंडी हा बापाकडून कोणाचा? वर सांगितलेल्या, १७,५०० डॉलरच्या सिअॅटल स्लूचा!

नराला बापाकडून वाय गुणसूत्र मिळते आणि एक्स गुणसूत्र आईकडून येते. बापाचे एक्स गुणसूत्र मुलालाच मिळत नाही, ते मुलीमार्फतच पुढे जाते. म्हणून नामांकित वळूचा खरा वारसा पाहायचा तर त्याच्या मुलीही पाहाव्या लागतात.

आता आपल्या गोठ्याकडे या. पळाऊ बैलाच्या आईचे काय झाले, कोणी सांगेल का? पुष्कळ ठिकाणी खिल्लार गाय दूध कमी देते म्हणून विकली जाते आणि खोंडाच्या बापाचा तेवढा फ्लेक्स लागतो. शिवाय कित्येक पळाऊ बैलांचे खच्चीकरण झालेले असते. त्यांचे स्वतःचे रक्त तिथेच थांबले. ते रक्त जिवंत असते त्यांच्या आईत, बहिणीत आणि भाच्यांत. ती गाय बाजारात गेली, की पुढच्या पिढीचे बियाणे गेले. आपण खळ्यावरची रास सांभाळतो आणि बियाण्याचे पोते विकून टाकतो, असा हा प्रकार झाला.

एकाच नावामागे धावण्याचा धोका

एखाद्या वळूचे नाव झाले की साऱ्या तालुक्यातून गायी त्याच्याकडेच येतात. चार-पाच वर्षांत गावोगाव त्याचीच वासरे. मग त्याच्याच नातीला त्याचाच नातू. गुण एकवटतात तसे दोषही एकवटतात.

अमेरिकेतल्या क्वार्टर हॉर्स जातीत १९६९ साली इम्प्रेसिव्ह नावाचा घोडा जन्मला. पिळदार अंगाचा, प्रदर्शनातला विजेता. त्याच्यासारखे अंग पाहिजे म्हणून लोकांनी घोड्या त्याला दाखवल्या आणि त्याचा वंश हजारोंच्या घरात गेला. पुढे लक्षात आले की या वंशातल्या कित्येक घोड्यांना अचानक थरथर सुटते, अंगातले बळ जाते, काही कोसळून मरतात. १९९२ साली दोषी जनुक सापडले. आई किंवा बाप एकाकडून जरी ते आले तरी रोग होतो. शेवटी त्या जातीच्या संघटनेला नियम करावा लागला, की २००७ पासून जन्मलेल्या ज्या पिल्लात दोषाच्या दोन्ही प्रती आहेत त्याची नोंदच करायची नाही. देखण्या अंगाच्या मोहापायी एका घोड्याचा दोष साऱ्या जातीत पसरला.

थॉरोब्रेडचीही हीच काळजी आहे. दहा हजारांवर घोड्यांच्या तपासणीवरून २०२० साली आयर्लंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की गेल्या पाच दशकांत जवळच्या नात्यातले संकर जगभर वाढत गेले आहेत. त्याच गटाने पुढे दाखवले, की असा संकर जास्त झालेली पिल्ले शर्यतीच्या मैदानापर्यंत पोचण्याचेच प्रमाण कमी असते. हे नुकसान वही ठेवणाऱ्यांचे. ज्यांना आपल्या वळूचा आजा कोण हेच ठाऊक नाही, त्यांनी किती जपायला हवे?

आपण घेताना काय विचारावे?

सारंगखेडा असो की आटपाडी-म्हसवडकडचा खिल्लार बाजार, आपल्याकडे शर्यतीच्या निकालाशी जोडलेली वंशावळीची वही नाही. जे आहे ते तोंडी. वहीवर चालणाऱ्या बाजारातसुद्धा नावाला जास्त पैसे दिले जातात, तर तोंडी बाजारात काय होत असेल? म्हणून दाव्याला हात घालण्यापूर्वी एवढे तरी बघावे :

पहिले, समोरचे जनावर. उभे कसे राहते, पाय सरळ पडतात का, खुरे एकसारखी आहेत का, पळून आल्यावर धाप किती वेळात बसते. हे डोळ्यांना दिसते आणि याला दलालाची साक्ष लागत नाही.

दुसरे, आई. शक्य तर आई समक्ष बघा. तिची आधीची वासरे कुठे आहेत, काय करतात, ते विचारा. एका गाईची तीन वासरे बरी निघाली असतील, तर तो पुरावा बापाच्या फ्लेक्सपेक्षा मोलाचा.

तिसरे, बापाची सगळी पिल्ले. "याचे अमके वासरू पहिले आले," असे कोणी म्हटले की लगेच विचारा, "एकूण वासरे किती?" शंभरातले एक पहिले आले आणि दहातली तीन पहिल्या रांगेत आली, यात दुसरा वळू चांगला. बाजारात विजेत्यांचीच नावे सांगतात, राहिलेली नव्व्याण्णव दावणीला गप्प उभी असतात.

चौथे, आजा-पणजाचे नाव. ते ऐकून घ्या, पण त्याचे वेगळे पैसे देऊ नका. आजाचे रक्त पावच येते, पणज्याचे त्याच्याही निम्मे.

आणि भोवरे? देवमन असो नाहीतर आणखी कुठला, घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांची समजूत जुनी आहे आणि ज्याची त्याची श्रद्धा ज्याच्या त्याच्यापाशी. पण भोवरा म्हणजे केसांची वळणे. त्यांच्यावरून पळ ठरते याला पुरावा नाही. पांढऱ्या रंगाचेही तसेच. शोभेच्या घोड्याला रंगाचे पैसे द्यावेत, पळणाऱ्याला देऊ नयेत.

घेतल्यावरचे काम तर आपल्याच हातात आहे, आणि मोठा वाटा त्याचाच आहे हे वर आलेच. गाभण काळाचे शेवटचे तीन महिने आईला पोटभर आणि सकस खायला घाला. पिल्लाला मोकळे फिरू द्या. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते. खोंडाचे दुधाचे दातही साधारण त्याच वयात पडू लागतात. 'आदत' गटाच्या बक्षिसासाठी कोवळ्या खोंडाला जोराची पळ लावली तर उद्याचा बैल आजच लंगडा होतो. मग कितीही मोठे रक्त असो, ते कामाला येत नाही.

गावाने काय करावे?

ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील आणि यात्रा कमिट्यांनी हा विषय 'हौशी लोकांचा' म्हणून सोडून देऊ नये. भारी किंमत मोजलेले जनावर जिंकले नाही की काही मालक पराणी, विजेचा धक्का, औषधे असल्या मार्गाला लागतात. शर्यतीची परवानगी अटींवर आहे. जिल्हाधिकाऱ्यांची संमती, पशुवैद्यकाची तपासणी आणि क्रूरतेला बंदी या गोष्टी कागदापुरत्या नाहीत, त्या पाळल्या जाव्यात असे न्यायालयानेच बजावले आहे. नावाचे फाजील पैसे आणि जनावराचे हाल यांचा संबंध आहे, आणि त्यात साऱ्या मैदानांची परवानगी पणाला लागते.

करण्यासारखी कामे सोपी आहेत. गुरांच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो. त्या क्रमांकापुढे आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक आणि जन्मतारीख लिहिणारी एक वही ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात ठेवा. यात्रा कमिटीने शर्यतीची नोंदणी करताना मालकाच्या नावाबरोबर बैलाचा बिल्ला क्रमांक लिहावा आणि निकाल जपून ठेवावा, पहिल्या तिघांचाच नाही तर पळालेल्या सगळ्यांचा. पाच-सात वर्षांत आपल्याच तालुक्याची दोन हातांची वही तयार होईल, एका हातात वंशावळ आणि दुसऱ्यात निकाल. गावचा वळू दर दोन-तीन वर्षांनी बदला, म्हणजे त्याच्या कालवडी वयात येईपर्यंत तो दुसऱ्या गावी गेलेला असेल. दोन गावांनी वळूंची अदलाबदल केली तर पैशाचाही प्रश्न नाही.

घोडा पाळणाऱ्यांसाठीही हीच वेळ आहे. भीमा-नीरा खोऱ्यातल्या आपल्या भीमथडी घोड्याला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली आहे. धनगर बांधव मेंढरांमागे फिरताना आपला संसार ज्यांच्या पाठीवर वाहतात, तेच हे घोडे. पिढ्यानपिढ्या या घोड्यांची निवड लिलावात झाली नाही, वाटेवर झाली. जो चालला, टिकला, थोडक्या चाऱ्यावर राहिला, त्याचा वंश वाढला. आता नाव झाले की व्यापारी येतील, भोवरे मोजतील आणि 'अस्सल' म्हणून काहीही विकतील. त्याआधी वाड्यावाड्यांवर घोडीनिहाय नोंदी व्हायला हव्यात. तंत्र तर आपल्या देशात आलेच आहे. १९ मे २०२३ रोजी राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर येथील केंद्रात भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरू जन्मले. म्हणजे चांगल्या घोडीचा वंश दुसऱ्या घोडीच्या पोटी वाढवता येतो. पण चांगली घोडी कोणती, हे सांगणारी वहीच नसेल तर ते तंत्र कोणाच्या उपयोगाचे?

थोडक्यात काय, तर रक्ताला मान द्या, पण दहा फुटांच्या गुणाला शंभर फुटांचे पैसे देऊ नका. येत्या बाजाराला जाताना खिशात नोटांबरोबर एक कोरी वही ठेवा. विकणाऱ्याला पहिला प्रश्न बापाचा नको, आईचा विचारा. तो काय उत्तर देतो ते लिहून घ्या आणि त्याच्याच सहीने घ्या. सही द्यायला जो कां-कूं करील, त्याच्या दावणीवरून निमूट पुढे सरका.